आमच्या घरात काही फरक नाही

कॉफीचा पहिला घोट घेऊन अर्जुनने डोळे मिटले, क्षणभर तसाच बसला आणि म्हणाला, "बघा मामा, ह्याला म्हणतात कॉफी. आमच्या अप्पांच्या वेळेपासून हीच चव. लोक सुम्ने उगाच बोंबलतात, महागाई, महागाई. आमच्या घरात काही फरक नाही." स्वयंपाकघराच्या दारात दुसरा गरम लोटा पदराने धरून उभ्या असलेल्या सहानाने ते ऐकलं. वास्तविक हे तिचं कौतुक होतं. नवऱ्याने केलेलं, तेही त्याच्या मामांसमोर, युनियनचे प्रेसिडेंट मालोजीराव ह्यांच्यासमोर. एरवी ती आतल्या आत फुलून गेली असती आणि दिवसभर ते वाक्य मनात घोळवत बसली असती. आज मात्र त्यातला शेवटचा तुकडा कानात रुतून बसला. तिने पुढे होऊन मालोजीरावांच्या हातात लोटा दिला, "साखर बघा हो मामंजी," म्हणाली, आणि आत येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. त्या कॉफीत निम्मी चिकोरी होती.

निम्मी! आणि तीही एका दिवसात झालेली नाही, तीच तर खरी करामत. मेटगळ्ळीच्या सर्कलजवळ बिया भाजून, दळून देणारं दुकान आहे. दळताना तिथला मालक, शेट्टर, विचारतो, "मिक्स किती अक्का?" आणि बाई काय उत्तर देते त्यावरून त्या घराची पत त्याला कळते. अर्जुनच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चिकोरी नावापुरती. बियांचे भाव चढायला लागले तेव्हा सहानाने एकदा इकडेतिकडे बघून, आवाज उतरवून, थोडी जास्त सांगितली. पुढच्या महिन्यात आणखी थोडी. जिभेला एकदम धक्का दिला तर ती आरडाओरडा करते, बोट धरून हळूहळू नेली तर कुठेही येते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. डिकॉक्शन जास्त वेळ झिरपू द्यायचं, दूध आटवायचं, लोटा आधी उकळत्या पाण्याने तापवायचा, वरून धार धरून फेस आणायचा. लग्नाच्या हॉलमधली कॉफी एका घोटात बाजूला सारून "चिकोरीचं पाणी" म्हणणारा हा माणूस घरी तेच पाणी पिऊन डोळे मिटत होता. आणि नुसती कॉफीच कशाला? सोना मसुरीत रेशनचा तांदूळ मिसळला होता, पण असा भिजवून, असा निथळून, की ताटात वाफाळलेला भात तसाच मोकळा. सारात तुरीची डाळ कमी होत गेली आणि सरगूरहून भावाने पाठवलेली हुरळी, म्हणजे कुळीथ, वाटून तिची जागा घेत गेली. अर्जुन म्हणाला, "हल्ली सार दाट होतंय, छान." रविवारचं मटण बंद केलं ते तर डॉक्टरांच्या नावावर. डॉक्टर बिचारे काही बोललेच नव्हते. ते फक्त म्हणाले होते, "तब्येतीला जपा." सहानाने घरी येऊन त्याचा अर्थ लावला, "मटण साकु, आता पुरे, म्हणालेत," आणि अर्जुनने मुकाट्याने ऐकलं. हेब्बाळचे भाजीवाले आयटीवाल्यांच्या बसेसकडे बघून भाव सांगायला लागले तेव्हा हिने आधार कार्ड पर्समध्ये टाकलं, बायकांना फुकट असलेली बस पकडली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बंडीपाळ्यच्या मार्केटात जायला लागली. पगार जेमतेम हललेला, भाव दुप्पट, आणि ताटात फरक नाही. बाईने केलं तरी कसं, असं कुणी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही, आणि कळू न देणं हाच तर तिचा सगळा अभिमान होता.

बाहेर दोघांचं बोलणं चालू होतं. भिंत पातळ, आणि मालोजीरावांचे कान फाउंड्रीच्या आवाजात कधीच गेलेले, त्यामुळे दोघेही मोठ्यानेच बोलत. "अर्जुना, माझं मन घेत नाही रे," मालोजीराव म्हणत होते. "डीए गोठवायचा? तीन वर्षं? भाव वर गेले तरी भत्ता आहे तिथेच?" "पण मामा, कंपनी बदल्यात रोख देतेय. एकदम. हातात." "रोख संपते रे." "आणि डीए काय, पॉइंटपॉइंटने येतो, कळतही नाही कधी आला. मी पोरांना विचारलंय. एकेकाला. घरचं कसं चाललंय? सगळे म्हणतात, प्रॉब्लेम नाही. सगळे! माझ्याच घरी बघा ना. मग उगाच संप, लॉकआऊट, कशाला? काव्याची शेवटच्या वर्षाची फी एका दमात भरून टाकतो मी." चार वाजता युनियन ऑफिसात सभा होती. अर्जुन सेक्रेटरी. नवी पोरं मालोजीरावांच्या पाया पडत, पण ऐकत अर्जुनचं. तो हो म्हणाला की संध्याकाळपर्यंत करारावर सही होणार, हे त्या दोघांना माहीत होतं आणि ओट्याला टेकलेल्या तिसरीलाही.

काव्याच्या फीचं ऐकून तिचाही जीव क्षणभर हलला. का हलू नये? इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, पोरगी हुशार, आणि एका दमात फी भरून मोकळं होणं म्हणजे काय सुख! पण डीए म्हणजे काय हे तिला अर्जुनपेक्षा जास्त कळत होतं. त्याला तो पगाराच्या चिठ्ठीवरचा एक आकडा होता. तिला ती एक चाल होती. भाव पुढे पळतात, पगार मागून धापा टाकत येतो, उशिरा येतो, पण येतो. दर वेळी तो येईपर्यंतचं अंतर ती स्वतःच्या हाताने भरून काढत होती. चिकोरीने, हुरळीने, बंडीपाळ्यच्या बसने. आता पगार जागेवरच थांबणार, आणि ते अंतर तीन वर्षं नुसतं वाढत जाणार. तिने डब्यांवरून नजर फिरवली. चिकोरी अजून किती वाढवणार? रेशनचा तांदूळ किती? लपवायला लागणारं सामानही संपत आलं होतं. आणि ह्या बाहेरच्या माणसाला खात्री आहे की घरात काही फरक नाही! तिला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी रडू फुटेल असं वाटलं, म्हणून तिने नळ सोडला आणि स्वच्छ असलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं.

मालोजीरावांचा आवाज ऐकला की तिला नेहमी तो मोठा संप आठवायचा. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. कारखान्याला कुलूप लागलेलं, हेब्बाळच्या रस्त्यावर गेटसमोर मांडव, आणि मांडवात मालोजीराव. तेव्हा केस काळे, छाती अशी, आणि तोंडात एकच वाक्य, "भाव चढले की पगार चढणार, असं कागदावर लिहून द्या, मग आम्ही आत येतो." ते वाक्य किती साधं होतं आणि त्यासाठी माणसाने किती सोसलं! पोलिसांनी नेलं, दोनदा नेलं, सुटून आला की पुन्हा मांडवात. गेटसमोर बायकांनी चूल मांडली होती. मोठ्या डेगीत नाचणीची अंबली, आणि नवी नवरी सहाना लाकडी पळा दोन्ही हातांनी धरून ढवळतेय, बांगड्या वर सारून. कुणाच्या घरी काय आहे आणि काय नाही, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी मिरच्या आणल्या, कुणी नुसतं मीठ. लाज नावाची गोष्ट त्या दिवसांत कुठे गेली होती कोण जाणे! शेवटी कंपनी वाकली. लिहून दिलं. त्या दिवशी मालोजीराव एकेका बाईपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले होते. अशी माणसं होतात, आणि आपल्या नात्यातली असतात, ह्या विचाराने त्या वयात तिला रात्री झोप आली नव्हती. आणि आता तोच माणूस बाहेर सोफ्याच्या कडेवर बसून म्हणतोय, "माझं मन घेत नाही, पण तुम्ही पोरं म्हणता घरी सगळं ठीक आहे, तर मी कोण अडवणार?"

सगळं ठीक आहे. ही बातमी कुणी दिली? भांडं घासता घासता तिचा हात थांबला. तिला सिंधू आठवली. सिंधूचा नवरा त्याच कारखान्यात, पेंट शॉपला, आणि घर दोन गल्ल्या सोडून. एकदा बंडीपाळ्यला, दुपारी उशिरा, व्यापारी उरलेला माल ढिगाने विकायला लागतात त्या वेळी, सहाना वाकून टोमॅटोच्या ढिगातून निवड करत होती. किडका बाजूला, नुसता मऊ असेल तर चालेल. शेजारून दुसरा हात आला, तोही तशीच निवड करणारा. वर बघते तर सिंधू! दोघी दचकल्या. "अय्यो, तू इथे कुठे?" "नणंदेकडे आले होते, इथेच राहते ना. सुम्ने बघितलं काय भाव आहे. आणि तू?" "मी पण. म्हणजे, आमची एक ओळखीची आहे इकडे." दोघी हसल्या. दोघींनी पिशव्या मागे धरल्या. परत येताना एकाच बसमध्ये, एकाच बाकावर, दोघी सोन्याचा भाव आणि काव्याचं कॉलेज ह्यावर बोलत आल्या आणि पायाशी ठेवलेल्या पिशव्यांकडे दोघींनी पाहिलं नाही. सिंधूला नणंद नव्हती. सहानाला ते माहीत होतं, आणि सहानाला माहीत आहे हे सिंधूला माहीत होतं. पेंट शॉपच्या त्या माणसाने अर्जुनला काय सांगितलं असेल? प्रॉब्लेम नाही. खरंच सांगितलं असेल बिचाऱ्याने. त्याच्याही ताटात फरक नव्हता.

मग तिला ते लख्ख दिसलं, आणि ती ओली भांडी तशीच सोडून पाटावर बसली. घराघरांत हेच चाललं होतं. शंभर स्वयंपाकघरांत शंभर बायका एकमेकींना न सांगता एकच खोटं रांधत होत्या, आणि ते खोटं जेवून, ढेकर देऊन, शंभर माणसं युनियनला सांगत होती की सगळं ठीक आहे. कंपनीला आणखी काय हवं? तिच्या ह्या सगळ्या हुशारीचा फायदा अर्जुनला झाला नव्हता, काव्याला झाला नव्हता. मेजावर करार सरकवणाऱ्या त्या ऑफिसरला झाला होता. मी त्याची नोकरी करत होते का इतके दिवस? असं मनात आलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. आणि रागाच्या खाली, खरं सांगायचं तर, अजूनही थोडा अभिमानच होता. कारण करून दाखवलं होतं तिने!

पण बाहेर जाऊन सांगायचं कसं? हे घर काही असंतसं नव्हतं. अर्जुनचे खापरपणजोबा राजवाड्याच्या घोडदळात होते, दसऱ्याच्या जंबूसवारीच्या मिरवणुकीत अंबारीच्या पुढे ज्यांची घोडी चालायची, आणि ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला कॉफीबरोबर ऐकावी लागे. अशा घरातली चूल पाहुण्याला दिसता कामा नये, आणि पाहुण्याच्या ताटात कमी पडता कामा नये. तिच्या आईने सरगूरहून पाठवणी करताना कानात एवढंच सांगितलं होतं, "घरात काय शिजतं ते उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही बघ." उंबरा सोडाच, तिने ते स्वयंपाकघराच्या दाराबाहेरही जाऊ दिलं नव्हतं. आणि आता मालोजीरावांसमोर सांगायचं, की ज्या कॉफीची तुम्ही आत्ता तारीफ ऐकली ती अशी आहे? अर्जुनची मान खाली जाईल. तो तिला कधी लागेल असं बोलला नव्हता, भला माणूस, सरळ माणूस. म्हणून तर त्याला फसवणं इतकं सोपं गेलं. सांगितलं तर तो आपल्याला माफ करेल का? बाहेर लोटा टीपॉयवर ठेवल्याचा आवाज आला. "बरं तर, मी निघतो," मालोजीराव म्हणाले. "चारला भेटू. तू म्हणतोस तसंच करू." सहाना उठली. तिने कॉफीच्या पुडीचा डबा उचलला आणि बाहेर गेली.

"मामंजी, स्वल्प बसा."

अर्जुनला वाटलं ती जेवायचा आग्रह करतेय. "हो मामा, जेवूनच जा ना."

"जेवायचंच सांगायला आलेय," सहाना म्हणाली आणि डबा टीपॉयवर ठेवून तिने झाकण काढलं. "ह्यात निम्मी चिकोरी आहे. वर्ष झालं, जास्तच. तुम्ही आत्ता भाताचं विचारलं असतं तर त्यात रेशनचा तांदूळ आहे. डाळ म्हणजे हुरळी. मटण डॉक्टरांनी नाही बंद केलं, मी केलं. हे म्हणतात आमच्या घरात काही फरक नाही. फरक आहे मामंजी. मी दिसू दिला नाही."

अर्जुन हसला. गंमत समजला तो. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू तसंच तोंडावर अडकून राहिलं. "सहाना, काय बोलतेस? आत जा."

"जाते. पण आधी ऐका. तुम्ही पोरांना विचारलंत, पोरं खरं बोलली. त्यांना माहीतच नाही. सिंधू बंडीपाळ्यहून ढिगातले टोमॅटो आणते, तिच्या नवऱ्याला विचारा, त्याला माहीत आहे का? तुम्ही सही करून याल संध्याकाळी, आणि आम्ही पुन्हा लपवायला लागू. पण आता लपवायला काही नाही हो माझ्याकडे. खरंच नाही."

"म्हणजे इतके दिवस तू मला," अर्जुन म्हणाला आणि थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "माझ्याच घरात? मी सगळ्यांना सांगत फिरतोय, छाती पुढे काढून, आणि तू आत बसून मला मूर्ख बनवतेयस? मामांसमोर! हे मला आधी एकट्याला सांगता आलं नसतं?"

"आलं असतं," ती म्हणाली. "चुकलंच माझं." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही आणि ती आतही गेली नाही. ज्या बाईने वर्षभर भाताचं शीतसुद्धा बोलू दिलं नाही, ती घरच्या पुरुषांसमोर अशी उघडी उभी होती, आणि त्या घडीला घोडदळातल्या त्या खापरपणजोबांनीही तिच्यापुढे मान तुकवली असती.

मालोजीरावांनी डब्यात बोट घालून चिमूटभर पूड जिभेवर ठेवली होती आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "आमच्या घरी सरस्वती, तुझी मामी, फार देवाचं करते हल्ली." अर्जुनला वाटलं, मामा विषय बदलून त्याची अब्रू राखतायत. "सोमवार धरते, गुरुवार रायरस्वामींचा, शुक्रवार चामुंडीचा, शनिवार मारुतीचा. मी सगळ्यांना सांगतो, आमची सरस्वती म्हणजे योगिनी. आता रविवारही धरलाय." त्यांनी खिशातून फोन काढला. ऐकू येत नाही म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलायचे. फोन टीपॉयवर, कॉफीच्या डब्याशेजारी, वाजत राहिला.

"येताय ना?" सरस्वतीबाईंचा आवाज आला. "नाचणीचे मुद्दे करून ठेवलेत गरम."

"सरस्वती, सकाळपासून काय खाल्लंस?"

"अय्यो, हे काय विचारणं? आज रविवार. सूर्यनारायणाचा उपास नाही का माझा?"

"मुद्दे किती केलेस?"

"तुमच्यापुरते."

"पिठाचा डबा उघडून बघ, उद्याला आहे का."

रस्त्यावरून कुणाची तरी स्कूटर गेली. मग सरस्वतीबाई एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मालोजीरावांनी फोन उचलून छातीशी धरला. गेटसमोरच्या मांडवात ज्यांच्या डोळ्यांत कधी पाणी दिसलं नाही, त्यांचा खालचा ओठ लहान मुलासारखा हलत होता. "मी येतोय," ते फोनमध्ये म्हणाले. "मी येईपर्यंत थांब. त्यातलंच दोघं खाऊ." मग उठले, सहानाच्या समोर आले आणि त्यांनी हात जोडले. तिने घाईघाईने ते धरले. "नको हो मामंजी." "सूनबाई, बायकोला उपाशी ठेव असं कंपनीने सांगितलं असतं तर मी भांडलो असतो," ते म्हणाले. "हे माझ्या घरातच होतं आणि मला दिसलं नाही." दारात चपला घालताना ते वळले. "अर्जुना, सही होणार नाही. चारला मी उभा राहून माझ्या घरचं सांगणार. तू तुझ्या घरचं सांगायचं की नाही, तुझं तू बघ." ते गेले तेव्हा फाटक उघडंच राहिलं.

अर्जुन सोफ्यावर बसून होता. त्याचा राग गेला नव्हता. तो चेहऱ्यावर होता, खांद्यांत होता, आणि त्याला कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. सहाना लोटे उचलायला वाकली. आता हा बोलेल, ती मनात म्हणाली, बोलू दे, आज काय ते बोलून घेऊ दे. तो तिच्या मनगटाकडे बघत राहिला. बांगड्या सैल होऊन पार बोटांपर्यंत घसरत होत्या, आणि हे केव्हापासून, हे तो आठवत होता आणि त्याला आठवत नव्हतं.

"आणि तू?" तो म्हणाला. "तू काय खाल्लंस आज?"

"माझं झालं," हे शब्द तिच्या ओठांवर आयते होते. वर्षभर रोज, ह्याला वाढताना, काव्याला वाढताना, न अडखळता म्हटलेले. तिने तोंड उघडलं आणि ते आले नाहीत. हातातले लोटे तिने पुन्हा खाली ठेवले.

"भूक लागलीय मला," सहाना म्हणाली.